माळ्यावर सापडलेली सरळ तलवार: पातं कुठलं, मूठ कुठली, धातू कोणता

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाड्याच्या माळ्यावर सरळ तलवार सापडली, पातं ८६ सेंटीमीटर, मुठीपाशी रुंदी साधारण साडेतीन सेंटीमीटर, धार एकाच बाजूला, पाठीकडून तीन बारीक नळ म्हणजे लांब खाचा, तिन्ही एका रेषेत संपणाऱ्या, नळात काही रोमन अक्षरं आणि त्यातला एन उलटा, दोन्ही अंगांवर दाते असलेल्या चंद्रकोरीसारखी खूण, मूठ लोखंडी आणि तिच्यावर कुठेकुठे पिवळं चमकतं, म्यान लाल मखमलीचं. घरात म्हणतात पानिपतावरून आलेली आहे. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने बघून 'शिवकालीन, दमास्कस स्टील' असं सांगितलं. आणि चुलतभाऊ दसऱ्याच्या आधी पॉलिश पेपर मारून चकाचक करू म्हणतोय. तुम्हाला हवंय ते एवढंच, की धातू कोणता, बनली कुठे, आणि हे ठरवायचं कसं.

तर आधी चुलतभावाच्या हातातला पॉलिश पेपर काढून घ्या. खरंच सांगते, तलवारींचं जितकं नुकसान लढायांनी केलं नसेल तितकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच्या साफसफाईने झालंय. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर, जे हाताशी येईल त्याने घासायचं, मग ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढायची, फूल वाहायचं आणि तशीच म्यानात घालून वर्षभर ठेवायची, पुढच्या वर्षी गंज चढला म्हणून परत घासायचं. पूजा करा ना, जरूर करा, पण हळदकुंकू पाटावर वाहा आणि नंतर पातं कोरड्या सुती कापडाने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. मी हे शहाणपण शिकवतेय खरं पण मी स्वतः या कामात नवीन असताना एका घरची मूठ तारेच्या ब्रशने घासली होती, लाल गंज निघत होता म्हणून खूष होते, आणि संध्याकाळी लक्षात आलं की गंजाबरोबर वरची सोन्याची वेल पण गेली. सोनं गंजत नाही पण त्याच्या खालचं लोखंड गंजतं आणि मग सोनं नुसतं गंजाच्या पापुद्र्यावर बसलेलं असतं. त्या घरच्या आजींना तोंड दाखवायची लाज वाटत होती. तुमच्या मुठीवर जे पिवळं चमकतंय ते बहुतेक हेच आहे, म्हणून म्हणते, हात लावू नका.

आता मुद्द्याकडे. बहुतेक जण विचारतात 'ही तलवार कुठली आणि कधीची' आणि तिथेच गाडी अडते, कारण आपल्याकडच्या जुन्या तलवारीचं पातं, मूठ आणि म्यान यांचं वय एक नसतं, गावही एक नसतं. मूठ पात्यावर बसवताना आत तापवलेली लाख भरतात, पातं आत सरकवतात, लाख गार झाली की घट्ट. परत तापवली की पातं बाहेर. म्हणजे मूठ बदलणं हे शिकलगाराचं, हत्यारांना धार-पाणी करणाऱ्याचं, रोजचं काम होतं, आजोबांचं चांगलं पातं नातवाच्या हाताच्या मापाच्या मुठीत, असं पिढ्यान्‌पिढ्या चालायचं. (तुम्ही मात्र तापवून बघायच्या फंदात पडू नका, लाख जळते आणि मुठीवरचं कामही काळं पडतं.) त्यामुळे तीन वेगळे प्रश्न विचारायचे आणि तीन वेगळी उत्तरं वेगळी लिहून ठेवायची. ती जुळली तर आनंद, नाही जुळली तरी काही बिघडत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे रघुजी भोसल्यांची तलवार, महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजारांना घेतली ती. पातं युरोपात बनलेलं, सरळ, एकधारी. मूठ इथली, सोन्याचं काम केलेली. आणि पाठीवर देवनागरीत नाव, श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा, आणि पुढे शब्द 'फिरंग'. म्हणजे मालकालाच माहीत होतं की पातं परदेशी आहे, आणि त्यात कमीपणा तर नव्हताच, उलट मिरवायची गोष्ट होती. मग ती तलवार जर्मन म्हणायची का इटालियन का नागपूरकर भोसल्यांची? मी तरी तिला मराठा तलवारच म्हणेन, फक्त पात्याच्या रकान्यात युरोप लिहीन.

तुमचं वर्णन ऐकून पहिला अंदाज तोच येतो, फिरंग. सरळ लांब पातं, बारीक नळ, रोमन अक्षरं. पण थांबा, अक्षरांवर मी सगळ्यात शेवटी येणार आहे, मुद्दाम. कारण पात्यावर खोटं लिहिणं सोपं असतं, पात्याची जाडी खोटी करणं अवघड.

तर जाडी. एक व्हर्नियर कॅलिपर घ्या, प्लॅस्टिकचा असला तर उत्तम, ओरखडा उठणार नाही. पाठीची जाडी मुठीपाशी मोजा, मध्यावर मोजा, टोकाच्या चार बोटं अलीकडे मोजा. हाताने घडवलेल्या लढाऊ पात्यात ही जाडी टोकाकडे कमी कमी होत जाते, मुठीपाशी सहा-सात मिलिमीटर आणि टोकाकडे दोन-तीन असं काहीतरी, कारण तसं नसेल तर तलवार हातात मेल्यासारखी वाटते, टोक जड होतं आणि मनगट दमतं. आणि जर तिन्ही ठिकाणी सारखीच तीन किंवा चार मिलिमीटर आली, तर ती पत्र्यातून किंवा गाडीच्या कमानपट्ट्यातून कापलेली आहे, लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायची किंवा दिवाणखान्यात लावायची, मग तिच्यावर शिवाजी महाराजांची मुद्रा का असेना. ही एक चाचणी इतकी साधी आहे आणि इतक्या वेळा कामी येते की मी फोटो बघायच्या आधी हे तीन आकडे मागते. वजनही करा. लढाऊ तलवारी लोकांना वाटतात तितक्या जड नसतात, म्यान सोडून किलोच्या आसपास, थोडं इकडे तिकडे. 'आमच्या पूर्वजांची तलवार दहा किलोची होती' हे मी दर महिन्याला ऐकते, आणि मग काट्यावर ठेवली की अकराशे ग्रॅम निघते आणि सगळे हिरमुसतात. अहो, हलकी आहे म्हणून तर ती चालत होती!

नळ बघताना टॉर्च पात्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. तीन नळ एकमेकांना समांतर जातात का, कडा सरळ आहेत का, संपतात तिथे एका रेषेत संपतात का. झोलिंगेनसारख्या जर्मन गावात किंवा उत्तर इटलीत पाती हजारोंनी बनायची, घडवणारा वेगळा, घासून नळ-धार काढणारा वेगळा, पाणचक्कीवरच्या मोठ्या दगडांवर काम, त्यामुळे त्यांचे नळ एकदम शिस्तीत असतात. इथल्या लोहाराने युरोपी पातं बघून केलेली नक्कल बऱ्याचदा हाताच्या कानसेने आणि रंध्याने ओढलेली असते, मग एखादा नळ मध्येच श्वास घेतल्यासारखा किंचित रुंद होतो, एखादा दोन बोटं आधी संपतो. मला स्वतःला तसली पाती जास्त आवडतात, पण ते जाऊ द्या.

अजून एक बघा. धार मुठीपासूनच सुरू होते की मुठीपासून दोन-तीन बोटं जागा बोथट, चौकोनी कडेची सोडून मग अचानक पायरी पडून सुरू होते? वाकड्या तलवारींमध्ये ही पायरी भारतीय पात्याची चांगली खूण आहे, इराणी शमशेरीत ती दिसत नाही. सरळ पात्यात ती असली तर इथे बनल्याच्या बाजूने एक मत पडतं. पण इथल्या शिकलगाराने युरोपी पात्यालाही तशी पायरी काढून दिलेली मी पाहिली आहे, म्हणून एक मत, निकाल नाही.

एक गोष्ट करू नका, पातं वाकवून बघू नका. सिनेमात कमरेला गुंडाळतात म्हणून लोक जमिनीला टोक लावून दाबतात. युरोपी पातं स्प्रिंगसारखं परत सरळ होतं हे खरं आहे, पण तीनशे वर्षांत आत कुठे बारीक चीर गेली असेल ते तुम्हाला दिसत नाही, आणि तट्कन आवाज आला की संपलं.

आता मूठ. तुमची मूठ म्हणजे बोटांवर परज, हाताच्या पुढे रुंद पत्र्याची जाळी, वर वाटीसारखी कटोरी आणि तिच्यावरून निघालेला गज, बरोबर? गज म्हणजे दुसऱ्या हाताने धरायची जी सळई असते ती. ही खांड्याची मूठ, दख्खनमध्ये आणि मराठ्यांकडे सरळ पात्यांवर सर्रास बसवलेली, धोपेवर पण आणि फिरंगीवर पण. मुठीखालून दोन लांब पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांवर उतरतात आणि रिव्हेटने जखडलेल्या असतात ना, तिथे थांबा. युरोपी पात्याचा मुठीत शिरणारा भाग त्यांच्या मुठीसाठी बनवलेला असायचा, आपल्या मुठीत तो नीट बसायचा नाही, म्हणून नुसत्या लाखेवर विसंबायचे नाहीत, पट्ट्या लावून आरपार रिव्हेट ठोकायचे. तिथे पात्यात बुजवलेलं जास्तीचं छिद्र दिसतंय का बघा. दिसलं तर ही मूठ त्या पात्याची पहिली मूठ नाही, इतकं सरळ आहे. रिव्हेटचं डोकंही बघा, हाताने ठोकलेलं डोकं थोडं वेडंवाकडं आणि प्रत्येक वेगळं असतं. स्क्रू दिसला किंवा नटाचे आटे दिसले तर त्या जागेला मागच्या दीडशे-एक वर्षांत कोणीतरी हात लावलाय.

लोखंडी मुठीचा सांधा पण बोलतो. जुन्या मुठी बहुतेक वेळा पत्रा ठोकून दोन अर्धुकं करून तांब्या-पितळेने झाळलेल्या असतात, जोडावर भिंग धरलं तर बारीक पिवळी-तांबूस रेघ दिसते. तुमचं 'पिवळं चमकतंय' ते कुठे आहे, जोडावर की सपाट भागावर? जोडावर असेल तर झाळण, सोनं नव्हे, मन घट्ट करा. सपाट भागावर असेल तर भिंगातून खालचं लोखंड बघा. कोफ्तगरी करताना आधी लोखंडावर छिन्नीने जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेघा काढतात आणि त्यांच्या खरबरीत अंगात सोन्याची तार ठोकून बसवतात, त्यामुळे सोनं उडालं तरी खाली त्या रेघा राहतात, आणि त्या रेघांच्या आकारावरून पुसलेली वेलसुद्धा वाचता येते. रेघा नाहीत आणि नुसता पिवळा थर आहे तर एक तर पाऱ्याचा मुलामा, नाहीतर चक्क सोनेरी रंग. जोडावर वेल्डिंगचा खवलेदार गठ्ठा किंवा ग्राइंडरच्या गोल रेघा दिसल्या तर मग मूठ विसाव्या शतकातली किंवा त्या काळात दुरुस्त केलेली.

धातूवर येते. व्यापाऱ्याने 'दमास्कस' म्हटलं, आणि तेही रोमन अक्षरं आणि फिरंगी पात्याबद्दल. दोन्ही एकदम क्वचितच खरं असेल. ज्याला जग दमास्कस म्हणतं ते खरं तर आपल्याकडचं पोलाद, इंग्रजीत वूट्झ म्हणतात ते. आजच्या तेलंगणात, कर्नाटकात, तमिळनाडूत मातीच्या छोट्या मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला असं बंद करून तापवायचे, त्यातून साधारण दीड टक्का कार्बन असलेली ढेप निघायची. तॅव्हर्निए नावाचा फ्रेंच हिऱ्यांचा व्यापारी सतराव्या शतकात इकडे फिरला, त्याने लिहून ठेवलंय की नक्षी उठणारं पोलाद गोवळकोंड्याकडून इराणला जातं. या पोलादात कार्बाइडचे बारीक कण ओळींनी बसतात आणि हिराकसासारख्या सौम्य आम्लाने पातं पुसलं की काळ्या जमिनीवर पांढुरक्या लाटा दिसतात, त्याला जौहर म्हणतात. युरोपात असं पोलाद बनत नव्हतं. म्हणून पातं जर झोलिंगेनचं असेल तर जौहर नाही, आणि जौहर असेल तर पातं इकडचं किंवा इराणकडचं, मग रोमन अक्षरं नंतर किंवा नक्कल म्हणून कोरलेली.

जौहर ओळखायचा कसा? तो बेशिस्त असतो. पाण्यावर वाऱ्याने सुरकुत्या पडाव्यात तसा, कुठे दाट कुठे विरळ, आणि इतका बारीक की हातभर लांबून नुसतं करडं दिसतं. आजकाल बाजारात जे दमास्कस म्हणून मिळतं त्यात दोन वेगळ्या स्टीलच्या पट्ट्या एकावर एक जोडून पिळलेल्या असतात, त्यातलं एक निकेलवालं म्हणून चांदीसारखं चकाकतं, आणि नक्षी अगदी ठळक, वॉलपेपरसारखी. थर जोडून केलेली जुनी पाती आपल्याकडेही होती, सकेला म्हणतात त्याला, पण त्यात जोडाच्या रेषा पात्याच्या लांबीने धावताना दिसतात. आणि खरं सांगायचं तर शिलेदार-बारगिरांच्या बहुतांश तलवारींत यातलं काहीच नाही, साधं चांगलं पोलाद, पाणी नीट दिलेलं, बस. साधं आहे म्हणून खोटं आहे असं नाही हो. लोकांना हे पटवताना माझा घसा बसतो.

घरी आम्ल लावून बघू नका. त्याऐवजी गंजाकडे बघा, गंज फार प्रामाणिक असतो. जुन्या पद्धतीच्या लोखंडात मळीचे धागे राहिलेले असतात, ते गंजलं की सागाच्या फळीसारख्या लांब रेषा उमटतात. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत आली आणि नंतर कारखान्यातलं एकजिनसी स्टील सगळीकडे झालं, ते गंजतं तेव्हा देवीच्या व्रणांसारखे सुटे खड्डे पडतात, रेषा नाहीत. मुठीच्या पत्र्यावर फळीसारख्या रेषा दिसल्या तर मला बरं वाटतं. पात्यावर नाही दिसल्या तर लगेच घाबरू नका, मुशीतल्या पोलादातही मळी नसते, म्हणून ही खूण मुठीसाठी जास्त खात्रीची.

लोहचुंबक लावाच. मूठ धरतेय पण म्यानाच्या टोकाची पांढरी टोपी धरत नाही, तर ती चांदी किंवा जर्मन सिल्व्हर. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं-जस्त-निकेल असतं, आणि ते बाजारात १८२० नंतरच आलं. मुठीवर निकेलचा मुलामा असेल तर १८७० च्या आसपास किंवा पुढचा. क्रोमचा आरशासारखा निळसर चकाकणारा मुलामा तर १९२० नंतरचा. या तारखा म्हणजे खालची मर्यादा, त्याआधी शक्य नाही एवढंच सांगतात.

जमलं तर एखाद्या विद्यापीठात किंवा संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखायची चाचणी, करून घ्या, सोनारांकडे सोन्याचा कस बघायला जे मशीन असतं त्याच जातीचं. वस्तूला ओरखडा येत नाही. पण त्याची मर्यादा माहीत असू द्या: ते कार्बन पकडत नाही, आणि स्टीलची सगळी गंमत तर कार्बनमध्येच. सोनाराच्या मशीनवर 'आयर्न ९९ टक्के' आला म्हणून एकजण रडवेले होऊन आले होते, त्यांना वाटलं तलवार नकली, साधं लोखंड. अहो गजवेल (आपलं जुनं चांगलं पोलाद) असो वूट्झ असो, त्या मशीनला सगळं लोखंडच दिसणार! उपयोग कशाला होतो, तर मॅंगनीज, क्रोमियम, निकेल मोजायला. पात्यात क्रोमियम दहा-बारा टक्के आलं तर स्टेनलेस, म्हणजे १९१२-१३ च्या आधीचं असूच शकत नाही. सोन्याबरोबर पारा आला तर मुलामा, न आला तर कोफ्तगरीकडे झुकायचं. पितळेबद्दल परदेशी पुस्तकांत एक नियम असतो, जस्त तीस टक्क्यांच्या वर गेलं की पितळ अलीकडचं. तो नियम आपल्याकडे चालवू नका. राजस्थानात जावर इथे जस्त गाळायचं तंत्र युरोपच्या कितीतरी शतकं आधी होतं, त्यामुळे इथल्या जुन्या पितळेत जस्त जास्त असू शकतं.

आता एकदाची अक्षरं. तुमच्या वर्णनावरून वाटतं, ते बहुतेक 'आंद्रेया फेरारा' हे नाव आहे. हा सोळाव्या शतकातला उत्तर इटलीतल्या बेल्लुनोचा नामांकित लोहार, आणि त्याचं नाव पुढे दोनशे वर्षं झोलिंगेनवाल्यांनी मनसोक्त वापरलं, वेगवेगळ्या स्पेलिंगने, आज ज्याला आपण फर्स्ट कॉपी म्हणतो तसंच. माझ्या पहिल्या फेरारा पात्याच्या वेळी मी तीन रात्री झोपले नव्हते, सगळ्यांना फोन करून सांगितलं सोळावं शतक, इटली, आणि मग एका ज्येष्ठांनी शांतपणे विचारलं, 'जाडी मोजलीस का?' मोजली. नळ बघितले. पातं इथलंच होतं, अक्षरं न वाचता येणाऱ्या माणसाने चित्र काढावं तशी कोरलेली.

उलटा एन त्यामुळेच दोन्हीकडे चालतो. इथल्या कारागिराला रोमन लिपी येत नव्हती म्हणून उलटा, किंवा झोलिंगेनच्या कारागिरालाही लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून उलटा. फरक कशात बघायचा, तर अक्षर ठोकलेलं आहे की कोरलेलं. युरोपी पात्यांवर ठशाने ठोकलेली अक्षरं बघितली की एकच अक्षर दोनदा येतं तिथे ते हुबेहूब सारखं दिसतं, फेरारामध्ये आर तीनदा येतो की नाही, मग तिन्ही आर शेजारी ठेवून बघा. छिन्नीने कोरलेली असतील तर तिन्ही वेगळे. दातेरी चंद्रकोर पण अशीच, मुळात इटलीतल्या जेनोआची मानतात, पण ती ऑस्ट्रियातल्या स्टायरियात, कॉकेशसमध्ये, आपल्याकडे सगळीकडे उचलली गेली कारण ग्राहक ती खूण बघून पैसे द्यायचा. धावता लांडगा ही खूण जर्मनीतल्या पासाउची आणि नंतर झोलिंगेनची, तीही इथे कोरली जायची, इतकी की काही लांडगे मांजरासारखे दिसतात. फारसीत 'असदुल्ला इस्फहानी' या नामांकित इराणी लोहाराचं नाव लिहिलेली तलवार मिळाली तरी हाच हिशोब, त्या नावाच्या एवढ्या तलवारी आहेत की एका माणसाला दहा जन्म लागले असते.

त्यापेक्षा पाठीवर, परजेच्या आतल्या बाजूला आणि कटोरीच्या खाली टॉर्च मारून बघा. तिथे कधी मालकाचं नाव, कधी शस्त्रागाराचा नंबर, कधी देवनागरीत किंवा मोडीत चार अक्षरं असतात, आणि ती माणसं दिखाव्यासाठी लिहीत नव्हती, नोंदीसाठी लिहीत होती, म्हणून मी त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवते. बारीक टिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं दिसली तर बिकानेरच्या शस्त्रागाराची शक्यता, आणि त्यात गंमत अशी की तिथल्या कित्येक तलवारी मुळात दख्खनच्याच, आदोनीच्या (आजच्या आंध्रातल्या) लुटीतून १६८९ मध्ये गेलेल्या. आकडा सापडला तर घाईने इसवी सन समजू नका. शक असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, मराठी कागदांत चालणारा शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. '११७४' असा आकडा हिजरी धरला तर १७६०-६१, थेट पानिपत, आणि शुहूर धरला तर १७७३-७४. तेरा वर्षांचा फरक, आणि घरातली सगळी गोष्ट बदलते.

पानिपताचं म्हणाल तर तलवारीवरून ते सिद्ध होणार नाही. पातं सतराव्या शतकातलं असू शकतं, म्हणजे १७६१ ला ते जुनंच होतं, तिथे असणं शक्य आहे, यापलीकडे लोखंड बोलत नाही. ते कागद बोलतील. माळ्यावर तलवार होती तिथेच रुमालात बांधलेली दप्तरं आहेत का बघा, मोडीतल्या सनदा, इनामाचे कागद, १८७८ च्या हत्यार कायद्यानंतरची लायसनं. इंग्रजांनी हत्यारं जमा करून घेतली तेव्हा ज्या घरांत तलवारी राहिल्या तिथे बऱ्याचदा त्याचा काही ना काही कागद असतो, आणि त्यात वर्णनही असतं.

म्यानाबद्दल फार बोलत नाही. आतलं लाकूड दोन फळ्यांचं, जुनं असू शकतं, मखमल बदलत राहते. शिवण मशीनची असेल तर तो थर नवा. पातं ओढताना म्यान मुठीत आवळून धरू नका, जुनी म्यानं धारेच्या बाजूने उकललेली असतात आणि बोटं कापतात, टाके मी बघितलेत.

कायद्याचं दोन ओळीत. शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ती देशाबाहेर नेता येत नाही, कोणी नातेवाईक अमेरिकेला घेऊन जातो म्हणाला तर नाही म्हणा. घरात ठेवण्याच्या परवानगीचं पोलिस स्टेशनला विचारून घ्या. माळ्यावर न मिळता जमिनीत खोदताना मिळाली असती तर कलेक्टरला कळवावं लागलं असतं, तो १८७८ चा वेगळा कायदा आहे.

आत्ता माझं मत विचाराल तर मूठ दख्खनी-मराठा घाटाची, जाळी पूर्ण रुंद असेल तर अठरावं शतक म्हणायला मला अडचण नाही. म्यान त्यानंतरचं. दमास्कस नाही, आणि 'शिवकालीन' हा शब्द व्यापाऱ्याने तुम्हाला आवडेल म्हणून वापरला. पातं झोलिंगेनचं की इथली नक्कल हे माझ्यासाठी अजून अर्ध्यावर आहे, उलटा एन बघून मी नकलेकडे झुकत होते पण तुम्ही लिहिलंय की तिन्ही नळ एका रेषेत संपतात, तिथे परत युरोपकडे आले. पाठीच्या जाडीचे तीन आकडे, तिन्ही आरचा भिंगातून जवळून फोटो, आणि मुठीखालच्या पट्ट्यांपाशी छिद्रं किती आहेत ते, एवढं कळवा. फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश मारू नका, फ्लॅशमध्ये सगळ्या तलवारी स्टीलच्या पट्टीसारख्या दिसतात.